लार्ज फॉरमॅट पोर्ट्रेटसाठी जुनी लेन्स: नाव ठरवण्याआधी बेलोज मोजा

प्रश्न असा आहे: ४×५ इंची फील्ड कॅमेरा आहे, त्यावर १५० मिमीची आधुनिक एफ/५.६ लेन्स आहे, बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घडीचा भाता, ३०० मिमीपर्यंत ताणले जातात. आता पोर्ट्रेटसाठी एखादी क्लासिक लेन्स घ्यायची आहे. पेट्झवाल घ्यावी, हेलिआर घ्यावी, की व्हेरिटोसारखी सॉफ्ट फोकस लेन्स?

थोडक्यात उत्तर: एफ/४.५ची २१० ते २४० मिमी हेलिआर घ्या. ती नाही मिळाली तर त्याच मापाची टेसार जातीची लेन्स घ्या. कोणतीही घेतलीत तरी ती चालू शटरमध्ये बसवलेली हवी. पेट्झवालचा विचार नंतर करा, आणि सॉफ्ट फोकसचा त्याच्याही नंतर. असं का, ते बेलोजच्या हिशेबातून कळतं.

डोकं आणि छातीचा वरचा भाग अशी नेहमीची चौकट धरू. उभ्या ४×५ फिल्मची वापरात येणारी उंची साधारण १२० मिमी असते आणि तिच्यात समोरचा ४८० मिमीचा भाग बसवायचा आहे. म्हणजे फिल्मवरची प्रतिमा प्रत्यक्षाच्या पाव आकाराची झाली. अशा वेळी लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर फोकल लेंग्थच्या सव्वापट लागतं आणि चेहरा लेन्सपासून फोकल लेंग्थच्या पाचपट दूर असतो. १५० मिमीच्या लेन्सने हीच चौकट घ्यायला ७५ सेंटिमीटरवर जावं लागतं. तिथून नाक मोठं दिसतं, कान मागे पळतात आणि समोरचा माणूस अवघडतो तो वेगळाच. २१० मिमीला १.०५ मीटर, २४० मिमीला १.२ मीटर, ३०० मिमीला १.५ मीटर. चेहऱ्याची ठेवण १.२ ते १.८ मीटरच्या पट्ट्यात सगळ्यात स्वाभाविक दिसते, त्यामुळे नुसत्या चेहऱ्यापुरतं बोलायचं तर ३०० मिमी उत्तम. पण तिला या चौकटीसाठी ३७५ मिमी बेलोज लागतात आणि तुमच्याकडे ३०० आहेत. २४० मिमीला बरोबर ३०० लागतात, म्हणजे कॅमेरा अगदी शेवटच्या दातापर्यंत ताणलेला. त्यातही नुसता चेहरा आणखी मोठा हवा असेल तर २१० मिमीच परवडते. एकाच लांब दांडीवर सरकणारा, लांब बेलोजचा मोनोरेल कॅमेरा असता तर हा सगळा परिच्छेद लिहावा लागला नसता.

बेलोज ताणले की उजेडही घटतो. पाव आकाराच्या प्रतिमेला सव्वाचा वर्ग म्हणजे १.५६ पट एक्स्पोजर लागतं, जवळपास दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ८×१० इंची फिल्मवर याच चौकटीला प्रतिमा निम्म्या आकाराची होते आणि एक्स्पोजर सव्वादोन पट, म्हणजे एका स्टॉपहून थोडं जास्तच. मीटरवर फिल्मचा वेग सुरुवातीलाच कमी लावून ठेवलात तर घाईत ही दुरुस्ती विसरली जात नाही.

आता डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येतं ते. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. प्रतिमेचा आकार ठरला की फोकल लेंग्थचा फारसा संबंध उरत नाही, उरतो तो फक्त ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). पाव आकाराच्या प्रतिमेत, फिल्मवर ०.१ मिमीचा ठिपका अजून स्पष्ट धरला, तर एफ/४.५ला एकूण खोली सुमारे १८ मिमी मिळते, एफ/८ला ३२ मिमी, एफ/११ला ४४ मिमी आणि एफ/१६ला ६४ मिमी. डोळ्यापासून नाकाचा शेंडाच तीन-चार सेंटिमीटर पुढे असतो. म्हणजे एफ/४.५ला पापण्या स्पष्ट, नाक विरघळलेलं आणि कान गेलेले. जुन्या लेन्सची जादू म्हणून जे दाखवलं जातं, त्यातलं पुष्कळसं एवढंच असतं: मोठी फिल्म आणि उघडं ॲपर्चर. हे तुमच्या हातातल्या १५० मिमीवर एफ/५.६ला आजच बघता येईल. कंबरेपर्यंतची चौकट घ्या म्हणजे अंतर सुसह्य राहील. हवा असलेला परिणाम त्यातच मिळाला तर खरेदी पुढे ढकला.

मग लेन्सच्या जातीने फरक पडतो कुठे? तीन ठिकाणी: स्पष्ट भागातून अस्पष्ट भागात जाताना चित्र कसं विरतं, कडांना काय होतं, आणि उजळ भागांभोवती प्रकाश किती सांडतो.

हेलिआर १९०० साली फोइग्टलेंडरच्या हान्स हार्टिंग यांनी रचली. तीन गटांत पाच भिंगं, पुढचा आणि मागचा गट दोन भिंगं चिकटवून केलेला. उघडी ठेवली की मध्यभाग नीट स्पष्ट येतो आणि फोकसबाहेरचा भाग दुहेरी कडा न दाखवता शांतपणे विरत जातो. पोर्ट्रेटवाल्यांनी ती डोक्यावर घेतली ती यासाठी. २४ सेंटिमीटरची हेलिआर ४×५ सहज झाकते आणि थोडी हालचालही करू देते. युनिव्हर्सल हेलिआर नावाचा एक प्रकार आहे, त्यात मधलं भिंग सरकवून सॉफ्टनेस कमीजास्त करता येतो. चांगली चीज आहे, पण ती कडी गंजून अडकलेली नाही ना, हे आधी विचारा.

टेसार १९०२ची, झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांची, तीन गटांत चार भिंगं. श्नायडरची झेनार आणि कोडॅकची कमर्शियल एक्टार ही याच घराण्यातली. हेलिआरपेक्षा टेसार किंचित करकरीत असते आणि मागच्या पानांतून डोकावणारे प्रकाशाचे ठिपके कडेने थोडे कडक दिसू शकतात. साध्या भिंतीसमोर हा फरक शोधूनही सापडणार नाही. बाजारात टेसार जातीच्या लेन्स मुबलक आहेत, म्हणून हेलिआरचं नाव जास्त पैसे मागत असेल तर खुशाल झेनार घ्या. कमर्शियल एक्टारवर चमक कमी करणारं कोटिंग असतं आणि ती बहुधा शटरमध्येच मिळते, पण एफ/६.३ असल्यामुळे घरातल्या उजेडात ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागची दुधी काच, जिच्यावर प्रतिमा दिसते) फोकस करताना डोळे ताणावे लागतात.

१८६६ साली डालमायर आणि श्टाइनहाइल यांनी वेगवेगळी काढलेली रॅपिड रेक्टिलिनिअर किंवा अप्लानाट ही सगळ्यात दुर्लक्षित जात. एफ/८ वाचून लोक पुढे जातात. वरचा हिशेब पुन्हा बघा: एफ/८ला ३२ मिमी खोली मिळते, आणि चेहऱ्याला बहुतेक वेळा तेवढीच हवी असते. दोन सारखे चिकटवलेले गट, हवेला लागणारे फक्त चार पृष्ठभाग, त्यामुळे कोटिंग नसूनही चमक बेताची. पैसे कमी असतील तर इथून सुरुवात करा.

पेट्झवालबद्दल मोठा गैरसमज म्हणजे ती सॉफ्ट असते. नसते. योझेफ पेट्झवाल यांनी १८४० साली ती गणिताने रचली आणि फोइग्टलेंडरने बनवली. साधारण एफ/३.६ची ही लेन्स डागेरोटाइप या सुरुवातीच्या फोटोपद्धतीच्या मंद प्लेटवर चेहरा टिपण्यासाठी होती आणि मध्यभागी ती झणझणीत स्पष्ट असते. तिचं फोकसचं क्षेत्र मात्र सपाट नसतं. समोरच्या दृश्यात ते कडांकडे कॅमेऱ्याच्या दिशेने वळतं. म्हणजे चौकटीच्या तळाशी, मांडीवर पुढे घेतलेले हात फोकसमध्ये येऊ शकतात, आणि चेहऱ्याच्याच प्रतलातले पण कडेला गेलेले खांदे सुटतात. डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवायची सवय असेल तर इथे अडचण होते, कारण डोळे स्पष्ट मध्यभागाच्या बाहेर जातात. कॅमेरा थोडा वर घ्या, लेन्सचा मध्य डोळ्यांसमोर येईल इतका फ्रंट फॉल द्या (म्हणजे लेन्स फिल्मच्या मानाने खाली सरकवा), हवी ती चौकट जमवा आणि मगच फोकस करा.

पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसणं, ज्यासाठी आज ही लेन्स विकली जाते, ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे: लेन्स फॉरमॅटच्या मानाने आखूड असणं, ॲपर्चर उघडं असणं, आणि मागे काही अंतरावर उजेडाच्या तुकड्यांनी भरलेली झाडी असणं. ३०० मिमीची पेट्झवाल ४×५ वर फक्त मधला भाग वापरते, तिथे फिरकी जवळजवळ दिसत नाही. १८० ते २१० मिमीची भरपूर फिरवते आणि कोपरे काळवंडतात. साध्या पडद्यासमोर कोणतीच पेट्झवाल फिरवणार नाही. वजनाचाही विचार करा. ३०० मिमी एफ/३.६ म्हणजे पुढचं भिंग ८३ मिमी व्यासाचं आणि भोवती पितळेची नळी. फील्ड कॅमेऱ्याचं फ्रंट स्टँडर्ड (लेन्स धरणारी पुढची चौकट) एवढ्या भाराने पुढे झुकतं आणि फिल्मचा होल्डर घालताना फोकस हलतो.

सॉफ्ट फोकस लेन्स हा वेगळा संसार आहे. वोलेन्सॅकची व्हेरिटो एफ/४ला इतका प्रकाश सांडते की फोकस कुठे आहे हेच कळत नाही, एफ/५.६ ते एफ/६.३च्या दरम्यान कामाची होते आणि एफ/८ला जवळजवळ नेहमीच्या लेन्ससारखी वागते. अर्ध्या स्टॉपने चित्र बदलतं, म्हणून एक्स्पोजर जुळवण्यासाठी ॲपर्चर फिरवायचं नाही. वेळ बदलायची किंवा दिव्याचं अंतर. रोडेनश्टॉकच्या इमागॉनमध्ये मधल्या भोकाभोवती बारीक छिद्रं असलेल्या चकत्या घालायच्या असतात. चकत्यांविना मिळणारी इमागॉन अर्धीच लेन्स समजा. त्या छिद्रांची नक्षी मागच्या प्रकाशबिंदूंत फुलासारखी उमटते. काहींना ती आवडते, बऱ्याच जणांना नंतर नको होते. कोडॅकची ३०५ मिमी एफ/४.८ पोर्ट्रेट लेन्स वापरायला सोपी आहे, पण आकाराने आणि बेलोजच्या भुकेने ती ८×१०ची आहे.

या सगळ्यांत गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळण्याचा दोष) मुद्दाम राखलेलं असतं, त्यामुळे ॲपर्चर बदललं की फोकसही सरकतो. ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्याच ॲपर्चरला फोकस करा. लूप (छोटं बहिर्गोल भिंग) ग्राउंड ग्लासला लावून डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका बघा: पसरट आभेच्या आत एक बारीक कडक गाभा दिसेल, तो सगळ्यात लहान होईल तिथे थांबा. उजेडही नेहमीपेक्षा कडक ठेवा. मऊ लेन्सवर मऊ उजेड टाकला की चित्र नुसतं राखाडी होतं. आणि निगेटिव्हला गरजेपेक्षा जास्त एक्स्पोजर दिलंत तर ती आभाही तितकीच फुगते.

आता शटर, कारण जुन्या लेन्सच्या खरेदीत खरा खर्च इथे निघतो. लेन्स नुसत्या नळीत असेल तर आधी तुमच्या उजेडात किती वेळ लागेल ते काढा. १०० आयएसओ फिल्म, खिडकीजवळचा उजेड म्हणजे साधारण ईव्ही ७ (उजेडाचं माप; एक आकडा वाढला की उजेड दुप्पट), एफ/४.५: १/६ सेकंद, बेलोजची भर घालून १/४. झाकण काढून-लावून १/४ सेकंद नीट साधत नाही, पण पॅकार्डसारख्या रबरी फुग्याच्या शटरने सहज होतं. बाहेर मोकळ्या सावलीत, ईव्ही १२ला, हीच वेळ १/१३० सेकंदावर येते. पॅकार्डचा कमाल वेग १/२५च्या आसपास, म्हणजे तिथे उजेड कमी करणारा करडा एनडी फिल्टर लागणारच. सहा स्टॉपचा लावलात तर वेळ अर्ध्या सेकंदावर येते आणि समोरच्याला स्थिर बसवावं लागतं. सिनार कॅमेऱ्याचं लेन्समागे बसणारं शटर ८ सेकंद ते १/६० पर्यंत चालतं आणि एकाच शटरवर नळीतल्या अनेक लेन्स वापरता येतात, पण त्यासाठी कॅमेरा त्या पद्धतीचा हवा.

‘कोपाल ३ शटरच्या पुढ्यात बसवून घेऊ’ हा सल्ला फार मिळतो. कोपाल ३चं भोक पूर्ण उघडं असताना ४५ मिमीचं असतं. ३०० मिमी एफ/४.५ला ६७ मिमीचा प्रकाशमार्ग लागतो. नळीमागे ४५ मिमीचं भोक आलं की ज्या उघड्या ॲपर्चरसाठी पैसे मोजले तेच जातं, शिवाय कडा कापल्या जातात. २१० मिमी एफ/४.५ला साधारण ४७ मिमी लागतात, तिथे नुकसान त्या मानाने कमी. म्हणूनच सुरुवातीला मूळच्याच कंपाउंड, कॉम्पूर किंवा आयलेक्स शटरमधली लेन्स बघा. कंपाउंडमध्ये वेग हवेच्या सिलिंडरने ठरतो. त्यात तेल गेलं की तो बिघडतो, तेव्हा अडकलं म्हणून थेंब सोडू नका. शटर संथ असणं हा दोष मोठा नाही. १/५० लिहिलंय आणि दर वेळी १/३० मिळतंय, तर १/३० धरून चाला. एकदा १/३० आणि एकदा १/१५ येत असेल तर मात्र दुरुस्ती आली.

लेन्सबोर्डचं मापही आधीच बघा. लिनहोफ पद्धतीचा बोर्ड ९६×९९ मिमीचा असतो, त्यात मोठ्या पेट्झवालची फ्लँज बसतच नाही. फ्लँज म्हणजे बोर्डाला स्क्रूने लागणारी आट्यांची कडी. जुन्या लेन्सच्या आट्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि फ्लँज हरवलेली असेल तर लेथवर नवी करून घ्यावी लागते. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

काच तपासताना बारीक टॉर्च मागून तिरका धरा. पुढच्या भिंगावरचे एक-दोन ओरखडे किंवा कडेचा टवका यांनी चित्रात काही फरक पडत नाही, आणि किंमत मात्र उतरते. दुधी धूसरपणा वाईट. तो आतल्या पृष्ठभागावर नुसता बसलेला असेल तर पुसता येतो, पण बुरशीने काच खाल्ली असेल तर नाही. चिकटवलेल्या गटात कडेने इंद्रधनुषी चट्टे दिसले तर कॅनडा बाल्सम, म्हणजे भिंगं चिकटवणारा डिंक, सुटू लागला आहे. कडेची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी चालून जाते, मध्यापर्यंत आलेली नाही. कोटिंग नसलेल्या हेलिआर-टेसारमध्ये हवेला लागणारे सहा पृष्ठभाग असतात, प्रत्येक जण चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतो आणि त्यातला काही सावल्यांत येऊन बसतो. चांगला खोल हूड लावा. मागे उजळ खिडकी असेल तर कॅमेऱ्याची जागा बदला.

पेट्झवालमध्ये आणखी एक खास तपासणी आहे. मागच्या गटातली दोन भिंगं सुटी असतात, मध्ये एक कडी. शंभर-दीडशे वर्षांत कुणीतरी ती पुसायला काढलेली असतात आणि एखादं उलटं बसवलेलं असतं. मध्यभागसुद्धा कुठेच स्पष्ट होत नसेल तर आधी हा संशय घ्या. डालमायरच्या १८६६च्या पोर्ट्रेट लेन्समध्ये मागच्या भिंगांचा क्रम मुळातच वेगळा आहे आणि मागचं भिंग आट्यांवर फिरवून सॉफ्टनेस वाढवता येतो. ते अर्धवट सैल राहिलं तर धड लेन्स बिघडलेली वाटते. पूर्ण आवळून मगच निर्णय द्या.

नळीवर फोकल लेंग्थ लिहिलेली नसेल तर ती काढणं सोपं आहे. दूरच्या वस्तूवर फोकस करून स्टँडर्डची जागा रेलवर खुणावा. मग समोर मोजपट्टी ठेवून तिची प्रतिमा ग्राउंड ग्लासवर बरोबर मूळ आकाराची होईपर्यंत बेलोज ताणा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे फोकल लेंग्थ. बेलोज अपुरे पडले तर अर्ध्या आकारावर थांबा आणि अंतर दुप्पट करा. ॲपर्चरच्या आकड्यांकडेही लक्ष असू द्या. ४, ८, १६, ३२, ६४ असे दुपटीने चढणारे आकडे दिसले तर ती जुनी युनिफॉर्म सिस्टिम असते: तिथला ४ म्हणजे एफ/८, ८ म्हणजे एफ/११, आणि १६ तेवढा दोन्हीकडे सारखा. वॉटरहाउस स्टॉप (नळीच्या खाचेत घालायच्या, भोक असलेल्या पट्ट्या) हरवले असतील तर काळ्या कार्डाचे कापून घ्या. फक्त भोकाचा व्यास पुढच्या भिंगातून जसा दिसतो तसा धरा, नुसत्या कार्डावरचा नाही; भिंग त्याला मोठं करून दाखवतं.

लेन्स आली की माणसाला बसवण्याआधी दोन शीट खर्च करा. १.२ मीटरवर एक मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, मधल्या आकड्यावर लूपने फोकस करा, एक शीट पूर्ण उघड्या ॲपर्चरला आणि एक एफ/११ला काढा. उघड्यावर मधला आकडा स्पष्ट आणि एफ/११ला स्पष्ट पट्टा मागे किंवा पुढे सरकलेला दिसला, तर लेन्सला फोकस शिफ्ट आहे. यापुढे काम करायच्या ॲपर्चरलाच फोकस करत चला. दोन्ही शीटवर चूक सारखीच आणि त्याच बाजूला असेल तर लेन्सला दोष देण्याआधी हीच चाचणी तुमच्या १५० मिमीने पूर्ण उघड्या ॲपर्चरला करा. तीही तशीच चुकली, तर ग्राउंड ग्लास आणि होल्डरमधली फिल्म एका पातळीवर नाहीत. ग्राउंड ग्लासची खरबरीत बाजू लेन्सकडे आहे का, त्याच्या कोपऱ्यांखाली घातलेल्या पातळ पट्ट्या कुणी काढून तर टाकल्या नाहीत ना, हे तपासा.